आउटबोर्ड एंजिन : बसवण्याची उंची

लहान होडीच्या मागच्या उभ्या फळीवर आउटबोर्ड एंजिन (होडीच्या बाहेर टांगायचे, काढता येणारे एंजिन) किती वर वा खाली बसवावे, याविषयीची रीत. एंजिनाच्या तळाशी पाण्यात फिरून होडीला रेटा देणाऱ्या पंख्याच्या लगेच वर असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाशी कशी जुळते, त्यावरून उंची ठरवतात.

अशा एंजिनाचा जनक कोण, यावर एकमत नाही. फ्रेंच संशोधक ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१ मध्ये सेन नदीत विजेवर चालणारे, काढता येणारे यंत्र होडीला लावून दाखवले. न्यूयॉर्कमधील एका कंपनीने १८९६ च्या सुमारास पेट्रोलवरची काही यंत्रे बनवली. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन यांचा प्रयोग १९०५ चा. श्रेय मात्र बहुधा मिलवॉकीच्या ओल एव्हिनरूड (१९०९) यांना दिले जाते. कालक्रम पाहता ते टिकत नाही. पण प्रस्तुत विषयापुरते एव्हिनरूड यांचेच महत्त्व अधिक. आडवे सिलिंडर, उभा दंड आणि तळाशी दंतचक्रे ही त्यांची मांडणी रूढ झाली. उभ्या दंडाची लांबी ठरलेली, म्हणजे फळीची उंची तिला जुळवणे आलेच.

फळीची उंची मध्यरेषेवर, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजतात. तिच्या प्रचलित श्रेणी १५, २० व २५ इंच (सु. ३८१, ५०८ व ६३५ मिमी.) अशा आहेत, कंपनीगणिक थोडा फरक पडतो. तळाला सरळ पट्टी लावून ती मागे वाढवली असता एंजिनाची आडवी पट्टी तिच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर खाली यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो आरंभबिंदू समजावा. वेगवान होड्यांत एंजिन याहून वर चढवतात. फळीपासून मागे सरकवलेले एंजिनही काहीसे वर घेतात, कारण धावत्या होडीमागे पाणी चढत जाते. लाटांवर डोलणाऱ्या संथ होडीत मात्र खोली जास्त लागते.

एंजिन फार वर असले तर वळणावर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि रेटा जातो. पाण्याचा दाब घटून पात्यांवर वाफेचे बुडबुडे धरणे ही घटना निराळी. दोहोंची गल्लत सर्रास होते. पाणी घेणारी जाळी उघडी पडल्यास एंजिन तापते. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की हे ओळखावे. फार खाली असल्यास तुषार उडतात, पाण्याचा अडथळा वाढून इंधन जास्त जळते.

मोठी एंजिने बोल्टने बसवतात. त्यांच्या कंसाला एकाखाली एक भोके असल्याने उंची टप्प्याटप्प्याने बदलता येते. शिकंज्याने आवळण्याच्या लहान एंजिनाखाली लाकडी पट्टी घालून काम भागवतात. फळीतील जुनी भोके बुजवली नाहीत तर आतले लाकूड कुजते.

दोन्ही टोके निमुळती असलेल्या होड्यांना मागची फळीच नसते. तेथे एंजिन बाजूच्या कंसावर टांगतात.