मराठी संकेतस्थळं ऐकू का येत नाहीत : थोडी पार्श्वभूमी

चित्राला वर्णन नाही, फॉर्मच्या रकान्याला लेबल नाही, पांढऱ्यावर फिक्कट करडी अक्षरं, माउसशिवाय न उघडणारा मेनू. सुगम्यतेतल्या, म्हणजे अंध-अपंगांनाही संकेतस्थळ वापरता येण्यातल्या, या अडचणी जगभर त्याच आहेत आणि त्यांवरची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 1999 सालची. मराठीत मात्र मुळातच घोळ होता, तो अक्षरांचा.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या डीटीपीवाल्यांपुढे प्रश्न होता छपाईचा. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं कागदावर नीट उमटली की काम झालं. त्यासाठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असायचे. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘कोल्हापूर’ टाइप केलं की संगणकात साठतं ते डी, के, एस, वाय, जी, के, आय, डब्ल्यू, जे. पडद्यावर कोल्हापूरच दिसतं, पण स्क्रीन रीडर, म्हणजे अंधांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, साठवलेली अक्षरं वाचतो, त्यामुळे अंध वाचकाच्या कानावर येते ही इंग्रजी बाराखडी. श्रीलिपी, शिवाजी या फॉन्टांची मांडणी आणखी निराळी.

प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकात देवनागरी 1991 पासूनच होती. मग मराठी वृत्तपत्रं आणि कार्यालयं इतकी वर्षं जुन्या फॉन्टांना का चिकटून राहिली, यावर आजही दोन तट आहेत. छपाईवाले म्हणतात, इलाज नव्हता: पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी कधी जमलीच नाही, सायबर कॅफेतल्या विंडोज 98 वर जोडाक्षरं फुटायची आणि जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलेल्या मजकुरात रफार भलतीकडे जायचा. हे खरंच आहे. पण ती सबब 2005 पर्यंत चालावी, फार तर 2010. पुढे हातातल्या मोबाइलवर युनिकोड मराठी आली तरी नोटिसा जुन्याच फॉन्टात टाइप होऊन पीडीएफ म्हणून चढत राहिल्या, हा निव्वळ आळस. त्यापेक्षा सही-शिक्क्याचा स्कॅन बरा म्हणायचा! तिथे स्क्रीन रीडर निदान गप्प बसतो आणि ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, काही हाती लागतं. जुन्या फॉन्टातली पीडीएफ त्याला इंग्रजी मजकूरच वाटते, आणि तो ती ठणठणीत आवाजात चुकीची वाचतो.

कायदा या सगळ्याच्या बराच मागून आला. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात संकेतस्थळांचा उल्लेखही नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक सूचना निघाली 2009 मध्ये. 2016 च्या नव्या कायद्याने डिजिटल मजकूर सुगम असावा असं स्पष्ट सांगितलं, पण 2017 च्या नियमांत मानकं आली ती बरीचशी शिफारशीच्या भाषेत. पाळली तर पाळली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं: कायदा बंधनकारक आणि त्याचा नियम ऐच्छिक, हे चालणार नाही. बंधनकारक मानकं ठरवायला सरकारला तीन महिने दिले. 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. त्या प्रकरणात प्रश्न होता केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचा. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं ॲप सांगतं. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांनी किंवा अंधांनी ते कसं करायचं?

फॉन्टचा प्रश्न आता बराच मागे पडला, सवय मात्र गेलेली नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे सगळ्या कोल्हापूरचं लक्ष असतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. हे आकडे मोबाइलवर फिरतात ते बहुतेक वेळा तक्त्याचा फोटो म्हणून. सोबत एक ओळ टाइप केली, ‘आज सकाळी पातळी इतकी’, तरी स्क्रीन रीडरला पुरे. तक्ता बनवणाऱ्याने ते आकडे युनिकोडमध्येच टाइप केलेले असतात, फोटो त्यानंतर निघतो.