हवा नसली तरी यंत्र सरकतेच: अंतराळातील वर्णपटमापकाविषयी खुलासा

अंतराळात हवा नाही, धूळ नाही. त्यामुळे तिथल्या दुर्बिणीवरील वर्णपटमापकाचे (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणाऱ्या यंत्राचे) अंशशोधन, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी ताडून मापे अचूक लावणे, जमिनीवर एकदा केले की ते कायमचे पुरते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. हबल दुर्बिणीवर मे 2009 मध्ये अंतराळवीरांनी बसवलेल्या ‘कॉस’ या अतिनील वर्णपटमापकाचेच पाहा. त्यातील प्रकाशीय घटक बदलणारी चकती फिरून थांबल्यावरही काही काळ किंचित सरकत राहते आणि तिच्याबरोबर वर्णपटही सरकतो. म्हणून ताऱ्याचे निरीक्षण चालू असतानाच प्लॅटिनम-निऑनचा दिवा मधूनमधून काही सेकंद पेटवतात आणि त्याच्या प्रकाशातील ज्ञात तरंगलांबीच्या रेषा संवेदकावर (प्रकाश टिपणाऱ्या भागावर) नेमक्या कुठे पडल्या, यावरून तरंगलांबीची मोजपट्टी नव्याने लावतात. (दिव्याचेही आयुष्य मोजकेच, म्हणून तो सतत जळता ठेवत नाहीत.)

संवेदकाची कथा मला याहून बोलकी वाटते. प्रकाश एकाच पट्ट्यावर पडत राहिला की तिथला प्रतिसाद मंदावतो, आणि सर्वाधिक झीज होते ती पृथ्वीभोवतीच्या अतिविरळ हायड्रोजनच्या लायमन-अल्फा प्रकाशामुळे (हायड्रोजनच्या ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशामुळे). म्हणजे ज्या वातावरणापासून सुटका झाली असे आपण मानतो, तेच इथे आडवे येते. त्यामुळे 2012, 2015 आणि 2017 मध्ये दूर-अतिनील वर्णपट संवेदकाच्या ताज्या भागावर हलवावा लागला, आणि प्रत्येक नव्या जागेसाठी अंशशोधन पुन्हा करावे लागले. तेजस्वितेचे मापही असेच घसरत जाते. ते स्थिर प्रकाशाच्या श्वेत बटू ताऱ्यांकडे (इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांकडे) ठरावीक काळाने पाहून दुरुस्त केले जाते.