रनक्स–१

मानवी २१व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील जनुक व त्यापासून बनणारा प्रतिलेखन घटक (डीएनएला चिकटून इतर जनुके चालू-बंद करणारे प्रथिन). रक्तपेशींच्या घडणीतील अनेक जनुके केव्हा कार्यान्वित व्हावीत, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) वारंवार बिघडलेल्या आढळणाऱ्या जनुकांपैकी हे एक. जुन्या लेखनात ते एएमएल–१ किंवा सीबीएफए–२ या नावांनी येते.

प्रथिनातील ‘रंट’ हा सुमारे १२८ अ‍ॅमिनो आम्लांचा भाग डीएनएला चिकटतो. सीबीएफ–बीटा हे जोडीदार प्रथिन स्वतः डीएनएला चिकटत नाही. मात्र त्याच्यामुळे ही पकड घट्ट होते. हे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे गर्भ साधारण १२व्या दिवसाच्या सुमारास रक्तस्राव होऊन दगावतात आणि त्यांच्या यकृतात कायमस्वरूपी रक्तनिर्मिती सुरूच होत नाही, असे १९९६ मध्ये दिसून आले.

तीव्र मज्जाजन्य (अस्थिमज्जेतील मायलॉइड पेशींच्या) ल्युकेमियाच्या एका प्रकारात ८ व २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, हे अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. २१वे गुणसूत्र जिथे तुटते तिथले जनुक, म्हणजेच रनक्स–१, जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये वेगळे केले. या अदलाबदलीतून तयार होणारे संकरित प्रथिन रंट भाग राखते, पण जनुके चालू करणारा भाग गमावते आणि जनुके बंद ठेवणारी (दमनकारी) प्रथिने गोळा करते. त्यामुळे पेशी अर्धवट वाढीतच अडकतात, असे दीर्घकाळ मानले गेले. मात्र अशा ल्युकेमिया पेशींना रनक्स–१च्या उरलेल्या निरोगी प्रतीचीही गरज असते, असे नंतरच्या प्रयोगांतून दिसले. त्यामुळे ‘संपूर्ण दमना’पेक्षा बिघडलेल्या समतोलाची कल्पना अधिक पटण्याजोगी वाटते. केवळ संकरित जनुकाने उंदरांत सहसा ल्युकेमिया होत नाही. आणखी उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) लागतात.

मुलांच्या तीव्र लसिकाजन्य (लिम्फॉइड पेशींच्या) ल्युकेमियात १२ व २१ या गुणसूत्रांतील अदलाबदलीमुळे ईटीव्ही–६ व रनक्स–१ ही जनुके जोडली जातात. बी-पेशी प्रकारात सुमारे एक चतुर्थांश मुलांत ही जोडणी असते. अदलाबदल झालेले तुकडे रंगपट्ट्यांत सारखेच दिसत असल्याने नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत ती सुटते. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती लक्षात न येण्याचे कारण हेच. तिचा उगम बहुधा जन्मापूर्वीचा असावा. एकयुग्मज (एकाच फलित बीजापासून झालेल्या) जुळ्यांत गुणसूत्रे नेमकी एकाच जागी तुटलेली सापडणे आणि आजारी मुलांच्या जन्मवेळच्या वाळवलेल्या रक्तठिपक्यांत तीच जोडणी मिळणे, हे त्याचे भक्कम पुरावे. वाद आहे तो निरोगी नवजातांतील या जोडणीच्या प्रमाणाबद्दल. २००२ मधील नाळरक्ताच्या अभ्यासाने ते सुमारे १ टक्का, म्हणजे प्रत्यक्ष आजाराच्या शंभरपट सांगितले. २०११ मधील डॅनिश तपासणीत ते त्याच्या जवळपासही आढळले नाही. २०१८ मधील जर्मन पद्धतीने मात्र ५ टक्क्यांपर्यंतचा आकडा दिला. तपासणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. तरीही जोडणी झालेल्या बहुसंख्य बालकांना आजार होत नाही, या निष्कर्षाकडे कल अधिक दिसतो.

८–२१ अदलाबदल असलेल्या रुग्णांत केमोथेरपीचा परिणाम तुलनेने चांगला असतो. उलट, मज्जाजन्य ल्युकेमियात या जनुकातील साधी उत्परिवर्तने (अदलाबदलीविना झालेले बदल) आजाराच्या प्रतिकूल गटात मोडतात. जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असलेल्या काही कुटुंबांत बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स) कमी असतात व ल्युकेमियाचा धोका वाढतो; हा संबंध १९९९ मध्ये निश्चित झाला.