छापखान्याचे खिळे आणि रिव्हॉल्वरची गोळी

सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात मामांचा छापखाना होता. सुट्टीत छापून झालेले खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, घरोघरी, म्हणजे लाकडी केसच्या ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं काम माझं. कृष्णेवर मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला लावलेलं शिसं नखाने ओरखडायचं. खिळ्यावर मात्र नख घसरायचं. दोन्ही शिसंच, मग असं का?

पुढे कळलं, अमेरिकेतले शिकारी छापखान्यांची हीच भंगार धातू शोधत हिंडत, गोळ्या ओतायला. लायनोटाइप, म्हणजे अक्षरांच्या अख्ख्या ओळी ओतणारं छपाईचं यंत्र; त्याच्या मिश्रणात शिसं ८४ टक्के, अँटिमनी १२ आणि कथील ४. अँटिमनीचे टणक स्फटिक शिशाला कडकपणा देतात. कथलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट बसतो. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, हे मिश्रण त्याच्या बरंच आधी. साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. पहिलं धिरडं बिघडतं, तशा पहिल्या चार-दोन गोळ्या परत भांड्यात जातात.

१९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नम या रिव्हॉल्वरच्या दांडग्या काडतुसाची ओतीव गोळी बहुधा २५० ग्रेनच्या आसपास असते. आपला तोळा १८० ग्रेनचा, तेव्हा दीड तोळ्याला थोडी कमी. आता कुणालाही वाटेल, गोळी जितकी कडक तितकी चांगली. मलाही वाटलं होतं. पण बार उडाला की दाबाने गोळीचा बूड किंचित फुगून नळी बंद करतो. हलक्या बाराला फार कडक गोळी फुगतच नाही. तापलेला वायू फटीतून निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि नळीत शिशाचा लेप बसतो. उलट जोरदार बाराला मऊ गोळी नळीतल्या पिळाच्या चऱ्या धरत नाही, घसरते. म्हणून मिश्रण आणि बार जोडीनेच ठरवावे लागतात.

त्याहून मोठी गोष्ट माप. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून बाहेर काढतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. .४४ मध्ये हे माप साधारण ०.४२९ इंच, गोळी त्याहून जाड हवी, कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्यांच्या भाषेत एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे एक-दोन हजारांश. पण सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या चक्राची, तोंडंच नळीपेक्षा अरुंद असली, तर गोळी नळीत शिरण्याआधीच बारीक होते आणि भारी साच्याचे पैसे पाण्यात. साचा घ्यायचा तो ही दोन्ही मापं हातात आल्यावर.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच बंद आहे, त्यामुळे आपल्याला यातला धातूचा भागच कामाचा. पाण्याचा एक थेंब वितळल्या शिशाखाली अडकला, तर त्याची वाफ सुमारे सतराशे पट फुगते आणि रस अंगावर उडतो. रोजचा धोका मात्र हाताला लागलेल्या शिशाच्या भुकटीचा. मामा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू देत नसत. आणि मारलेल्या जनावरात राहिलेले शिशाचे कण खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरू लागली, तेव्हा कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्याच बंद केल्या.