आंबा-राजनय

आंबा-राजनय : दोन देशांच्या संबंधांत आंब्याचा भेटवस्तू म्हणून आणि आंब्याच्या आयात-निर्यातीचा वाटाघाटीतला मुद्दा म्हणून होणारा वापर. वर्तमानपत्रांत याला ‘आंब्याची मुत्सद्देगिरी’ म्हणतात. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांत ही चाल रुळलेली आहे. महाराष्ट्रात या विषयाचा माग काढू गेले तर तो दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाइतकाच नवी मुंबईत वाशीच्या फळबाजाराकडे नेतो. कारण भेटीची पेटी कुठूनही जाऊ शकते, पण करारानंतर जी खेप जायची ती बहुतेक वाशीतूनच जाते.

‘मुत्सद्दी’ हा शब्द मुळात अरबी-फारसी आहे. त्याचा जुना अर्थ कारकून किंवा हिशेबनीस. मोगलाईत सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यालाही मुतसद्दीच म्हणत. मराठीत हा शब्द पुढे राजकारणी पुरुषाला चिकटला आणि त्यातला कारकून मागे पडला. आंब्याच्या बाबतीत मात्र तो अजून जागा आहे, हे पुढे दिसेल.

भेटीचा आंबा

सर्वांत गाजलेली भेट भारताची नव्हे, पाकिस्तानची. ऑगस्ट १९६८ मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री मियाँ अर्शद हुसेन यांनी माओ त्से-तुंग यांना आंबे दिले. माओंनी ते स्वतः न खाता पेकिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात तैनात केलेल्या कामगार पथकांना पाठवले. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस होते आणि तिथल्या बहुतेकांनी आंबा पाहिलेलाही नव्हता. नेत्याचा प्रसाद म्हणून फळे औषधात बुडवून जपली गेली, मेणाच्या प्रतिकृती काचेच्या पेट्यांत बसवून मिरवल्या गेल्या. ज्याने पेटी दिली त्याला याची कल्पनाही नसणार.

जनरल झिया-उल-हक यांनी इंदिरा गांधींना रटौल जातीचे आंबे पाठवल्याची हकिकत सांगितली जाते. फळ आवडले, आभाराचे पत्र गेले, आणि मग उत्तर प्रदेशातल्या रटौल गावचे लोक ‘हा तर आमचा आंबा’ म्हणत दिल्लीला आले, अशी ती गोष्ट. फाळणीने जाती वाटून घेतल्या, नावे मात्र दोन्हीकडे राहिली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारताने पाकिस्तानशी होणारी परराष्ट्र सचिवांची बोलणी रद्द केली. त्यानंतर काही आठवड्यांतच नवाझ शरीफ यांच्याकडून नरेंद्र मोदींना आंबे आले. बोलणी त्याने सुरू झाली नाहीत. जुलै २०२१ मध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी २,६०० किलो हरिभंगा आंबे बेनापोल सीमेवरून भारतात पाठवले. हसीना पायउतार झाल्यावर दोन्ही देशांत गारठा पसरला, तरी जुलै २०२५ मध्ये हंगामी सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांच्याकडून त्याच जातीचे १,००० किलो आले. ढाक्यात सरकार बदलले, आंब्याची जात बदलली नाही.

‘आवळा देऊन कोहळा काढणे’ ही म्हण अशा भेटींना लावायचा मोह होतो. पण या भेटींतून कोहळा निघाल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. परराष्ट्र खात्यांना त्यांचा उपयोग वेगळा आहे. संबंध ताणलेले असताना ज्याला धोरणात्मक अर्थ चिकटत नाही असा काही तरी व्यवहार चालू ठेवता येतो. फळ टिकत नाही, खाल्ले की संपले, आणि परत केले म्हणून अपमानही होत नाही.

वाटाघाटीचा आंबा

अमेरिकेत भारतीय आंब्याला जवळजवळ दोन दशके बंदी होती. कारण होते फळमाशी आणि कोयीतला भुंगेरा. फळमाशी गराच्या वरच्या भागात असते, तिच्यावर उष्णतेचा इलाज चालतो. भुंगेरा कोयीच्या आत बसतो, आणि तिथपर्यंत ऊब पोचवायची तर फळाचे आधीच वाटोळे होते. उपाय होता गॅमा किरणांचा, म्हणजे विकिरणाचा. २ मार्च २००६ रोजी दिल्लीत जॉर्ज बुश आणि मनमोहन सिंग यांनी अणुकराराच्या पुढच्या टप्प्याची घोषणा केली. त्याच पत्रकार परिषदेत बुश यांनी अमेरिका भारतीय आंबे खायला उत्सुक असल्याचे जाता जाता सांगितले. हशा पिकला. पण ज्या कोबाल्ट-६० च्या किरणांनी आंब्याचा मार्ग मोकळा व्हायचा होता तो अणुभट्टीतच तयार होतो, हा योगायोग त्या दिवशी फारसा कोणाच्या लक्षात आला नसावा.

एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप न्यूयॉर्कला पोचली. प्रक्रिया झाली होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ या केंद्रात. ते मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभारलेले. त्याच महिन्यात भारताने मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या आयातीतला धूरनियमांचा अडसर दूर केला आणि ‘आंबे द्या, हार्ले-डेव्हिडसन घ्या’ अशा थाटाच्या बातम्या झळकल्या. नोव्हेंबर २०२१ मधला करार याच घाटाचा आहे : भारताचे आंबे व डाळिंबे अमेरिकेत, अमेरिकेच्या चेरी आणि अल्फाल्फा (लसूणघास) हा सुका चारा भारतात. विकिरणाच्या देखरेखीचे काम टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे देण्याचेही त्यात ठरले. त्याआधीचे २०२० आणि २०२१ हे दोन हंगाम पूर्ण कोरडे गेले होते. करोनामुळे अमेरिकी निरीक्षक येऊ शकले नाहीत, आणि निरीक्षक नाही तर निर्यात नाही, असा नियम.

जपानची कथा थोडी निराळी. १९८६ पासून बंद असलेला बाजार २००६ मध्ये उघडला, तो उष्णबाष्प प्रक्रियेच्या अटीवर. गाभ्याचे तापमान ४७.५ अंश सेल्सिअसवर वीस मिनिटे ठेवायचे. युरोपीय संघाने तर १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, आंबे आणि वांगी, कारली, पडवळ व अळू वर्गातल्या भाज्यांची आवक थांबवली. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांत किडी सापडल्या होत्या. त्या उन्हाळ्यात युरोपसाठी बाजूला काढलेला हापूस इथेच विकावा लागला. दर्जेदार फळ परदेशात जाते म्हणून हळहळणारे मुंबई-ठाण्याचे गिऱ्हाईक त्या वर्षी तक्रार करत नव्हते. ब्रिटनमधले भारतीय वंशाचे दुकानदार आणि खासदार मागे लागले, भारताने तपासणी कडक केली, आणि जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवायचे ठरले. भाज्यांना त्या वेळी तो मान मिळाला नाही.

वाशी : जिथे कराराची पेटी होते

मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला आला. मार्च ते मे या दिवसांत पहाटेपूर्वी तिथे गेले की देवगड-रत्नागिरीहून आलेल्या गाड्या रिकाम्या होत असतात. माथाडी लाकडी पेट्या उतरवतात, दलाल झाकणाची एक फळी उचकटतो, पेंढा बाजूला सारून वरच्या थरातले एक फळ काढतो आणि देठाजवळ नाक नेतो. ‘पाच डझनी’, ‘सहा डझनी’ हे शब्द कानावर पडत राहतात. रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवायची ‘हत्ता’ पद्धतही याच बाजारातली. भोवती माणसे उभी असतात, आणि भाव फक्त दोघांना कळतो.

बाजाराच्या आवारालगत महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची निर्यात केंद्रे आहेत : अमेरिकेसारख्या देशांसाठी विकिरण, जपान व दक्षिण कोरियासाठी उष्णबाष्प, युरोपसाठी उष्णजल. जितके करार, तितक्या खोल्या, असे म्हटले तरी चालेल. युरोपसाठीचे फळ ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात. हापूसच्या नाजूक सालीला हे मानवत नाही अशी निर्यातदारांची जुनी तक्रार आहे. आतून साका, म्हणजे गरात पांढरट खराब भाग, निघायची भीती असतेच, त्यात हा तास. केसर त्या मानाने सोशीक, आणि परदेशी खेपांत त्याचा वाटा मोठा असण्याचे हेही एक कारण. भारत सरकारच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे मुख्य कार्यालयही वाशीतच आहे. त्यांच्या संयंत्रात २००० सालापासून मसाल्यांवर विकिरण होत आले. म्हणजे अणुऊर्जा आणि बाजारसमिती या उपनगरात आंब्याच्या आधीपासून शेजारी आहेत.

अमेरिकेला जाणारा खोका साडेतीन किलोचा असतो. प्रतवारी, धुणे आणि गरम पाण्याची एक बुडी झाल्यावर फळे त्यात बसवतात. हवेच्या भोकांना आतून बारीक जाळी चिकटवलेली असते. ती फाटलेली निघाली तर खोका बाद, कारण प्रक्रिया झाल्यानंतर बाहेरची माशी आत शिरू शकते. विकिरण झालेला आणि न झालेला माल एका दालनात ठेवत नाहीत. खोके कोबाल्टच्या स्रोताभोवती फिरवले जातात आणि किमान मात्रा ४०० ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचे एकक) मिळाली की नाही हे मात्रामापकावर नोंदले जाते.

या ४०० ग्रेमध्ये एक मेख आहे. एवढ्या मात्रेने किडा मरतोच असे नाही. त्याची वाढ खुंटते, पैदास थांबते. त्यामुळे न्यूयॉर्कला खोका फोडून कोय कापली आणि आत जिवंत भुंगेरा निघाला, तरी ती खेप नियमात बसू शकते. उलट भुंगेरा मेलेला निघाला म्हणून मात्रा पुरेशी होती हेही सिद्ध होत नाही. फळ पाहून काहीच कळत नाही; कळते ते फक्त कागदावरून. मात्रेची नोंद, निरीक्षकाची सही आणि अर्जाचा क्रमांक हेच प्रक्रियेचे पुरावे. मुत्सद्दीतला कारकून जागा असतो तो इथे.

मे २०२५ मध्ये याचा हिसका बसला. नवी मुंबईत विकिरण होऊन विमानाने गेलेल्या सुमारे पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडवण्यात आल्या. अमेरिकी बाजूने कारण दिले ते प्रक्रियेच्या प्रमाणपत्रातल्या चुकीचे, किडीचे नव्हे. माल परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असे दोन पर्याय होते. नाशवंत फळ परतीच्या विमानाने आणण्याचा खर्च त्याच्या किमतीहून जास्त, म्हणून ते तिथेच नष्ट करण्यात आले. निर्यातदारांनी नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलर सांगितला. त्या आंब्यांत काही दोष होता, असे कोणी म्हटले नव्हते.

परराष्ट्र मंत्रालयाचा वाटा

या साखळीत परराष्ट्र मंत्रालय नेमके काय करते, याबद्दल गैरसमज आहे. किडीची यादी, प्रक्रियेचे तापमान, बागांची नोंदणी ही कामे कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेची. निर्यातवाढ आणि खरेदीदार-विक्रेत्यांच्या बैठका वाणिज्य मंत्रालयाच्या अपेडाकडे, म्हणजे शेतमाल व प्रक्रिया केलेल्या अन्नपदार्थांच्या निर्यातीच्या प्राधिकरणाकडे. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून लागू असलेल्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्य करारानुसार कोणत्याही देशाला किडीच्या कारणाने माल अडवता येतो, पण त्याला शास्त्रीय आधार द्यावा लागतो. तेव्हा खरी बोलणी शास्त्रज्ञ आणि अधिकाऱ्यांत होतात, आणि ती वर्षानुवर्षे चालतात. दूतावासांकडे राहते ते पाठपुरावा करणे, समोरच्या देशातल्या मंत्र्याच्या टिपणात आंब्याची ओळ गाळली जाऊ न देणे, आणि उन्हाळ्यात आंबा महोत्सव भरवणे. महोत्सवांचे फोटो फार निघतात. त्यामानाने पत्रव्यवहार करणाऱ्या द्वितीय सचिवाचे नाव कुठे येत नाही, आणि काम बहुधा त्यानेच केलेले असते.

हे सगळे किती मालासाठी? देशात दरवर्षी दोन कोटी टनांहून अधिक आंबा पिकतो. २०२३-२४ मध्ये ताज्या आंब्याची निर्यात होती सुमारे ३२ हजार टन, त्यातला अमेरिकेचा हिस्सा दोन हजार टनांच्या आसपास. एवढ्या मेहनतीची पत्रे, निरीक्षक आणि किरणे ज्या बाजारासाठी, तो बाजार आकाराने लहानच आहे. भाव मात्र चढा, आणि परदेशातल्या मराठी-गुजराती घरांत त्या खोक्याचे अप्रूप भावाहून मोठे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘हापूस’ला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि ठाणे या पाच जिल्ह्यांना. देवगडकर आणि रत्नागिरीकर यांच्यातला ‘खरा कोणाचा’ हा वाद त्याने मिटला नाही, आणि ठाण्याचे नाव यादीत पाहून दोघांनीही भुवया उंचावल्या. परदेशी खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र कर्नाटकातून येऊन पेटीत मिसळणाऱ्या फळाला हरकत घेण्याचा कायदेशीर आधार त्यामुळे तयार झाला.

वाहतुकीत बदल चालू आहेत. २०२२ मध्ये न्हावाशेवाहून समुद्रमार्गे आंब्याची खेप अमेरिकेला गेली. वेळ काही आठवडे, पण भाडे विमानापेक्षा पुष्कळ कमी. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली, आणि तो वाशीच्या बाजाराला सहारपेक्षा जवळचा आहे.

सर्वांत मोठा गिऱ्हाईक या नोंदीत शेवटी येतो, कारण त्याच्यासाठी राजनय जवळजवळ लागतच नाही. संयुक्त अरब अमिराती भारतीय आंब्याचा पहिल्या क्रमांकाचा खरेदीदार आहे. तिथे फळमाशीची धास्ती नाही, विकिरण नाही, गरम पाण्याचा तास नाही. वाशीत दुपारी भरलेला माल दुसऱ्या दिवशी दुबईच्या दुकानात असतो. मे २०२२ मध्ये दोन्ही देशांतला व्यापक व्यापार करार लागू झाला, पण आखातातला हापूस त्याच्या कितीतरी आधीपासून जातो आहे.