हूपमधील गोधडीकाम

संगणकीय भरतकाम यंत्राच्या हूपमध्ये, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत, कापडाचे थर बसवून, यंत्रात साठवलेल्या नक्षीच्या टाक्यांनीच ते एकमेकांना सांधण्याच्या पद्धतीला हूपमधील गोधडीकाम म्हणतात. वरचे कापड, मधला भराव आणि खालचे अस्तर हे गोधडीचे तीन थर इथेही असतात. हाताच्या गोधडीत धावदोरा जे काम करतो, ते इथे नक्षी करते. सुई एकाच जागी वरखाली होते आणि यंत्राचा हात हूपला नक्षीबरहुकूम सरकवत राहतो. शिवणाऱ्याला कापड ढकलावे लागत नाही. त्याचे कौशल्य थर बसवणे, नक्षी निवडणे आणि शेवटी जोडणी करणे यांत लागते.

यंत्राने भरतकाम करण्याचा प्रयत्न जुना आहे. फ्रान्समधील म्यूलहाउसच्या जोस्वे हाइलमान याने १८२८ मध्ये हाताने चालवायचे भरतकाम यंत्र बनवले. स्वित्झर्लंडमध्ये इसाक ग्रोब्ली याने १८६३ मध्ये ‘शिफ्ली’ यंत्राची रचना केली. घरगुती शिवणकामात संगणकीय भरतकाम आले ते १९९० मध्ये जानोमे कंपनीच्या मेमरी क्राफ्ट ८००० या यंत्राबरोबर. नक्षीच्या फायली प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात : ब्रदरच्या यंत्रांना पीईएस, जानोमेला जेईएफ, तर कारखान्यांतील यंत्रांवर डीएसटी चालते.

घरगुती यंत्रांचे हूप १०० × १०० मिमी, १३० × १८० मिमी, २०० × २०० मिमी अशा मापांचे असतात. त्याहून मोठेही मिळतात. अख्खी गोधडी त्यात मावणे शक्य नाही. म्हणून ती चौकोनाचौकोनाने तयार होते. २०० मिमीच्या हूपमध्ये २० सेंमीचा चौकोन घेतला आणि चारही बाजूंनी १ सेंमी शिवणीसाठी सोडला, तर हाती १८ सेंमी राहतात. आडवे ५ आणि उभे ६ असे ३० चौकोन जोडले की ९० × १०८ सेंमीची, तान्ह्या बाळाला पुरेल अशी गोधडी होते. ३,००० टाक्यांची साधी नक्षी मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने ५ मिनिटांत शिवून होते. थर लावणे, धागे कातरणे आणि कडा छाटणे यांना त्याहून जास्त वेळ लागतो.

एक चौकोन असा होतो. हूपमध्ये आधी आधाराचा कागद ताणून बसवतात. यंत्र त्यावर एक रिकामा चौकोन शिवते, ती जागेची खूण. त्या रेषेवर भराव ठेवून दुसरी टीप मारली की तो जागी पक्का होतो. मग रेषेच्या अगदी लगत, टीप न कापता, जादा भराव कातरून टाकायचा. तो शिवणीत राहिला तर जोड जाड होतो आणि चार चौकोन जिथे भेटतात तिथे गाठ बसल्यासारखा उंचवटा येतो. त्यावर वरचे कापड सुरकुती न पडू देता पसरतात, कडेने लांब टाक्यांची कच्ची टीप घेतात आणि त्यानंतरच नक्षी सुरू होते. अस्तरासकट शिवायचे असेल, तर ते हूपच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावतात. मागची बाजूही दिसणार असल्याने बॉबिनमध्ये, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळात, वरच्याच रंगाचा धागा भरावा. भरावातून सहज जाण्यासाठी १४ नंबरची सुई बरी पडते.

नक्षीची निवड हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि नेमकी तिथेच घाई होते. ठसठशीत भरीव फूल पडद्यावर सुंदर दिसते. पण त्यातल्या टाक्यांच्या ओळींत जेमतेम ०.४ मिमी अंतर असते, आणि भरावावर असे फूल शिवले की कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते, भोवती चुण्या पडतात. गोधडी अंगावर घ्यायची वस्तू आहे. ती मऊ राहिलीच पाहिजे. म्हणून तिला रेषेची नक्षी हवी : एकदा सुरू झालेला धागा न तुटता वळणे घेत शेवटापर्यंत जाणारी, २.५ ते ३ मिमी लांब टाक्यांची. भरीव काम करायचेच असेल तर ते एखाद्या कोपऱ्यात, थोडके असावे.

रेषेच्या नक्षीसाठी गोव्यात नमुन्यांची वाण नाही. जुन्या मंदिरांच्या भिंतींवरील कावी चित्रांत पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीच्या रंगातली वेलबुट्टी असते. पांढऱ्या सुती कापडावर एकाच तांबूस धाग्याने ती फार शोभते. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये एकेक चित्र अनेक तुकड्यांत विभागलेले आहे. हूपपेक्षा मोठी नक्षी तुकड्यांत पाडताना हाच विचार करावा लागतो : रेषा एका चौकोनाच्या कडेला जिथे संपते, तिथूनच शेजारच्या चौकोनात सुरू झाली पाहिजे. जोडताना २ मिमीचा फरक पडला तरी तो नजरेला खुपतो.

गोव्यातल्या कुणबी लुगड्याचे चौकड्याचे कापड वापरताना विशेष काळजी घ्यावी. हे हातमागाचे सुती कापड यंत्रमागाच्या कापडापेक्षा सैल असते. हूपमध्ये ते ओढून बसवले, तर ताणलेल्या स्थितीतच शिवले जाते आणि हूप सुटताच आक्रसते. चौकडी तिरकी दिसते आणि नंतर कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. असे कापड हूपमध्ये पकडूच नये. कागद तेवढा ताणावा आणि कापड त्यावर नुसते पसरून कच्च्या टिपेने धरावे. तांबड्या कापडाचा रंग जातो आणि पहिल्या धुण्यात ते आटतेही; तेव्हा कातरण्यापूर्वीच ते धुऊन घ्यावे.

भराव हवेप्रमाणे ठरवावा. गोव्यात डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो, आणि हवेत दमटपणा बाराही महिने. पॉलिएस्टरचा फुगीर भराव इथे अंगाला घाम आणतो. पातळ सुती भराव किंवा जुन्या सुती लुगड्याचे दोन थर पुरेसे होतात. यंत्रालाही ते सोपे जातात. पाण्यात विरघळणारा आधार पावसाळ्यात उघडा ठेवला तर सादळून लिबलिबीत होतो आणि हूपमध्ये ताठ राहत नाही. तो हवाबंद पिशवीत ठेवावा. टाचण्या कापडात रात्रभर ठेवू नयेत, गंजाचा डाग निघता निघत नाही. नक्षी चालू असताना वीज गेली तर कोणत्या टाक्यावर थांबलो तो आकडा ठाऊक असावा. हूप न हलवता त्या आकड्याच्या चार-पाच टाके मागून पुन्हा सुरुवात केली की जोड दिसत नाही.

या पद्धतीशेजारी सिद्दी समाजाची कवंदी, म्हणजे हाताने शिवलेली गोधडी, ठेवून पाहावी. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे अनेक वंशज घाटापलीकडे कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत वसले. त्यांच्या बायका वेगळा भराव न घालता जुन्या कपड्यांचे तुकडे थरावर थर लावत, कडेपासून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्याने मध्यापर्यंत शिवत जातात आणि चार कोपऱ्यांना घडीची ‘फुले’ लावतात. तिथे नक्षी हातातल्या तुकड्यांप्रमाणे बदलत जाते, हूपमध्ये ती आधीच ठरलेली असते. कवंदीची बरोबरी यंत्राला करता येणार नाही, आणि त्याने ती करू पाहूही नये. उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी, भिंतीवरचे पट, पिशव्या अशा नेटक्या, मापाच्या वस्तू हे त्याचे खरे क्षेत्र आहे.

तयार चौकोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून साध्या शिलाई यंत्रावर जोडतात आणि शिवण उघडून इस्त्रीने दाबतात. अस्तरासकट शिवलेल्या चौकोनांची जोडणी मात्र पट्टीने करावी लागते, एक पट्टी वरून आणि एक खालून. शेवटी चारही कडांना गोट लावतात. त्याची वरची शिवण यंत्रावर घालावी, पण मागची घडी हाताने तुरपावी : कोपरे नीट बसतात आणि कड मऊ राहते.