स्वस्त गोळी म्हणजे कमी पॉवरची गोळी? नाही

‘पाच-सहा रुपयांच्या गोळीत कसलं आलंय औषध!’ मधुमेहाची महागडी गोळी रोज लागणाऱ्या घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचंच बघा. मार्च २०२५पर्यंत भारतात त्यावर पेटंट होतं, एक गोळी साधारण ६० रुपयांना पडायची. पेटंट संपलं, अनेक भारतीय कंपन्या उतरल्या आणि १० मिलिग्रॅमची गोळी काही ब्रँडमध्ये सहा रुपयांच्या आत आली. घटक तोच, मात्रा तीच. गेली ती मक्तेदारी.

मात्र केमिस्टला ‘यातलंच स्वस्त द्या’ म्हणून भागत नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल, तर परस्पर दुसरा देण्याची त्याला कायद्याने मुभा नाही. म्हणून डॉक्टरांनाच घटकाचं नाव लिहायला सांगा. मग जनऔषधी केंद्रातही विचारता येतं. संकोच कशाला? पैसे आपलेच जातात.

फिट्सच्या आणि थायरॉईडच्या गोळ्यांचं तेवढं वेगळं. तिथे औषधाची रक्तातली पातळी जराशी हलली तरी जाणवते, म्हणून दर महिन्याला ब्रँड बदलू नका. बदलायचाच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि थायरॉईडसाठी सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी) तपासून.